लेखनक्रिया : पोथीच्या पानापासून वेबपानापर्यंत

धुळें शहरांत समर्थ वाग्देवता मंदिर या नांवाची संस्था आहे. रामदासी संप्रदायाच्या जुन्या पोथ्या, बाडें व कागदपत्रें यांचा मोठा संग्रह तेथें जतन केलेला असून, समर्थांच्या हस्ताक्षरांतील म्हणून ओळखली जाणारी वाल्मीकिरामायणाची पोथीहि त्यांतच आहे. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं आपल्या आयुष्याचा मोठा भाग हें साहित्य मिळविण्यांत, पारखण्यांत व प्रसिद्ध करण्यांत वेंचला. अशा संग्रहांतील एखादी जुनी पोथी उघडली, तर अर्थ कळण्यापूर्वींच एक गोष्ट लक्षांत येते : पान वाचावेंसें वाटतें. हा योगायोग नव्हे. त्यामागें नियम आहेत, आणि ते नियम खुद्द दासबोधांतच घालून दिलेले आहेत.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेविषयीं आहे. पोथींत काय लिहावें हें त्यांत नाहीं. लिहिलेलें वाचकाच्या डोळ्यांस कसें दिसावें, हें आहे. अक्षरें गोलाईदार, उभीं व सुटीं असावींत. आरंभींचें अक्षर व समाप्तीचें अक्षर एकाच लेखणीनें उतरल्यासारखीं दिसावींत. पान आधीं शिशानें आखून घ्यावें, म्हणजे ओळींमधील अंतर कोठें कमी, कोठें अधिक होणार नाहीं. एका ओळीच्या मात्रा-वेलांट्यांनीं शेजारच्या ओळीस शिवूं नये. चोहों बाजूंस जागा मोकळी सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी मजकूर झिजणार नाहीं. आणि तरुणपणच्या तीक्ष्ण दृष्टीच्या भरंवशावर फार बारीक लिहूं नये, कारण तीच पोथी पुढें म्हातारपणीं वाचावयाची असते. सतराव्या शतकांतील हा उपदेश आजच्या परिभाषेंत सांगावयाचा झाला, तर त्यांत अक्षराचा आकार, ओळींमधील अंतर, समास आणि आद्यंत एकसारखेपणा हीं चार प्रकरणें आढळतील.

नेमकीं हींच प्रकरणें आज जळगांव व धुळें येथील संगणकशास्त्राचे विद्यार्थी निराळ्या नांवाखालीं शिकत असतात. वेबपानाचें रूप ठरविण्याच्या या विद्येस कॅस्केडिंग स्टाइल शीट्स, संक्षेपानें सीएसएस, असें म्हणतात. मराठींत तिला शैलीपत्रक म्हणावयास हरकत नाहीं. मात्र पोथी लिहिणारा आणि वेबपान मांडणारा यांच्यांत एक मोठा फरक आहे. पोथीच्या लेखकास आपला कागद ठाऊक असे. त्याची लांबी-रुंदी त्याच्या हातांतली होती, आणि एकदां उमटलेलें पान सर्व वाचकांस सारखेंच दिसे. वेबपान मांडणारास आपला कागद कधींच दिसत नाहीं. तेंच पान कोणी बसस्थानकावर उभा राहून लहानशा मोबाइलवर वाचतो, कोणी कचेरींतील रुंद पडद्यावर वाचतो, कोणी तें छापून घेतो, आणि ज्यास दृष्टि नाहीं असा वाचक तें यंत्राकडून वाचवून घेऊन ऐकतो. ज्या कागदाचें माप ठाऊक नाहीं, त्यावर नीटनेटकें कसें लिहावें, हा ह्या विद्येचा मूळ प्रश्न होय.

याचें उत्तर एका विभागणींत सांपडतें. पानांतील मजकूर व त्याचा अर्थ एकीकडे ठेवावयाचा, आणि त्याचें रूप दुसरीकडे. एखाद्या गांवच्या वाचनालयाचें पान तयार करावयाचें आहे असें समजा. त्यांत वाचनालयाचें नांव, त्याची थोडी माहिती, नव्या पुस्तकांची यादी व वेळापत्रक एवढा मजकूर आहे. पहिल्या कागदावर, म्हणजे एचटीएमएल या खुणांच्या भाषेंत, इतकेंच सांगावयाचें कीं हा मथळा आहे, हा परिच्छेद आहे, ही यादी आहे आणि हा तक्ता आहे. मथळा मोठा कीं लहान, तांबडा कीं काळा, याविषयीं तेथें अवाक्षरहि काढावयाचें नाहीं. तें सर्व दुसऱ्या कागदावर, म्हणजे शैलीपत्रकांत, लिहावयाचें. हें दुसरें पत्रक एकच असून वाचनालयाच्या शंभर पानांस लागू पडूं शकतें. त्यांत एक ओळ बदलली कीं शंभरहि पानें बदलतात. आरंभापासून अखेरपर्यंत एकच लेखणी, हा पोथीचा आदर्श येथें असा साधला जातो.

ही विभागणी आरंभापासून नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनीं युरोपांतील सर्न या संशोधनसंस्थेंत १९८९ सालीं वेबची कल्पना मांडली, तेव्हां ती शास्त्रज्ञांच्या निबंधांच्या देवघेवीसाठीं होती, आणि निबंधास वेषभूषेची फारशी गरज नसते. परंतु लवकरच व्यापारी, वृत्तपत्रें व हौशी लोक या क्षेत्रांत आले. त्यांना रंग हवे होते, निरनिराळीं अक्षरें हवीं होतीं, स्तंभ हवे होते. ब्राउझर तयार करणाऱ्या कंपन्यांनीं मग रूपाच्या खुणा अर्थाच्या खुणांतच मिसळून दिल्या. प्रत्येक शब्दाशेजारीं त्याचा रंग व आकार लिहिला जाऊं लागला. स्तंभ पाडण्यासाठीं आंकड्यांच्या तक्त्याची खूण मोडून-तोडून वापरली जाऊं लागली. हाकॉन व्यूम ली यांनीं सर्नमध्येंच असतांना १० ऑक्टोबर १९९४ रोजीं शैलीपत्रकांची योजना प्रसिद्ध केली. पुढें बर्ट बोस त्यांस येऊन मिळाले, आणि १७ डिसेंबर १९९६ रोजीं सीएसएसची पहिली आवृत्ति वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें शिफारस म्हणून मान्य केली.

रूप व अर्थ यांची सरमिसळ केल्यानें काय हानि होते, याचा अनुभव मराठीनें इतर अनेक भाषांपेक्षां अधिक घेतला आहे. १९९० नंतरच्या दशकांत पुष्कळशीं मराठी वेबपानें अशा फाँटांत तयार होत, कीं ज्यांत इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी अक्षरांचीं चित्रें बसविलेलीं असत. संगणकाच्या लेखीं तो मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग होती. विशिष्ट फाँटाचा चष्मा लावला म्हणजेच ती रांग मराठी दिसे. तो फाँट वाचकाजवळ नसला, कीं पडद्यावर निव्वळ गोंधळ उमटे. त्या पानांत शोध घेतां येत नसे, आणि दुसरा फाँट लावला तर मजकूरच बदले. वेष उतरवतांच माणूस नाहींसा व्हावा, तसा हा प्रकार होता. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक आहे. पण तो मार्ग सामान्य संगणकांत रुळावयास पुढें बरींच वर्षें जावीं लागलीं. आज क ला कोणताहि फाँट चढविला तरी तो क च राहतो. मराठी पानासाठीं शैलीपत्रक लिहितां येतें तें या पायावर. म्हणून नवशिक्यानें पहिली खात्री करावयाची ती ही, कीं आपला मजकूर युनिकोडमध्यें आहे.

शैलीपत्रकांतील नियमाची घडण फार सोपी असते. कोणास, काय आणि किती, अशा तीन प्रश्नांचीं उत्तरें म्हणजे एक नियम. 'सर्व परिच्छेदांस, ओळींमधील अंतर, अक्षराच्या १.७ पट' हा एक नियम झाला. 'सर्व मथळ्यांस, रंग, गडद निळा' हा दुसरा. 'कोणास' या प्रश्नाचें उत्तर तीन प्रकारें देतां येतें, आणि येथेंच विद्यार्थी प्रथम अडखळतो. खानदेशी शेताचें उदाहरण घेतलें, तर ती अडचण सहज सुटते. कालव्यावरील माणसाला तीन सूचना दिल्या आहेत अशी कल्पना करावी. पहिली : सर्व शेतांस आठवड्यांतून एकदां पाणी सोडावें. दुसरी : केळीच्या शेतांस आठवड्यांतून दोनदां सोडावें. तिसरी : अमुक गट क्रमांकाच्या शेताचें पाणी तूर्त बंद ठेवावें. त्या गट क्रमांकाच्या शेतांतहि केळीच आहे. तर त्यास पाणी किती वेळां मिळेल? अर्थात् एकदांहि नाहीं. कारण जी सूचना अधिक नेमकी, ती अधिक बलवान. शैलीपत्रकांत 'सर्व शेतें' या जागीं खुणेचें नांव येतें, 'केळीचीं शेतें' या जागीं क्लास म्हणजे वर्ग येतो, आणि 'गट क्रमांक' या जागीं आयडी म्हणजे एकट्याचें ओळखनांव येतें. दोन सूचना सारख्याच नेमक्या असल्या, तर मागाहून दिलेली चालते. आपण नियम लिहिला आणि पान मात्र बदलत नाहीं, अशी तक्रार नवशिका पदोपदीं करतो. बहुतेक वेळां त्याचें कारण एवढेंच असतें, कीं कोठें तरी अधिक नेमका नियम आधींपासून बसलेला आहे.

कॅस्केड या शब्दाचा अर्थ पायरीपायरीनें खालीं उतरणारें पाणी. हें पाणी तीन उगमांतून येतें. ब्राउझरचे स्वतःचे नियम असतात, पान मांडणाराचे असतात, आणि वाचकालाहि स्वतःचे नियम करण्याचा अधिकार योजनेंत ठेवलेला आहे. सामान्यतः मांडणाराचा शब्द वाचकाच्या शब्दावर मात करतो. परंतु एखाद्या नियमावर 'महत्त्वाचा' असा शिक्का मारण्याची सोय आहे, आणि दोघांनींहि तो मारला तर कोणाचें चालावें, हा प्रश्न उरतो. १९९६ च्या पहिल्या आवृत्तींत मांडणाराचें चाले. मे १९९८ मध्यें आलेल्या दुसऱ्या आवृत्तीनें हा निर्णय उलट केला : शिक्का दोघांचा असल्यास वाचकाचें चालावें. ज्याला बारीक अक्षर दिसत नाहीं किंवा ज्याला रंगांतील भेद कळत नाहीं, त्याच्या गरजेपुढें मांडणाराची हौस दुय्यम आहे, हें तत्त्व त्या एका फेरबदलानें मान्य झालें. म्हाताऱ्या डोळ्यांची जी काळजी दासबोधांतील त्या समासांत आहे, तीच ही होय.

व्यवहारांत या तत्त्वाचा उपयोग मापें निवडतांना होतो. बहुतेक ब्राउझरांत अक्षराचें मूळ माप १६ पिक्सेल असतें, आणि वाचकास तें वाढवितां येतें. मांडणारानें अक्षराचा आकार पिक्सेलांत ठोकून दिला, तर वाचकानें केलेली ही वाढ निष्फळ होते. तोच रेम या मापांत दिला, तर वाचकाच्या मूळ मापाच्या पटींत अक्षर वाढतें. एम नांवाचें दुसरें एक माप आहे, तें मात्र जपून वापरावें लागतें, कारण तें आपल्या वेष्टणाच्या अक्षराशीं बांधलेलें असतें. यादीस १.२ एम आकार दिला आणि यादींत यादी, तींत आणखी यादी असली, तर १६ चे १९.२, त्याचे २३.०४ आणि त्याचे २७.६ पिक्सेल होतात. यादी जों जों आंत जाते, तों तों अक्षर फुगत जातें, आणि विद्यार्थी चक्रावून जातो.

याच्या मुळाशीं वारशाचा नियम आहे. धुळें जिल्ह्यांत पांझरेच्या कांठीं फड पद्धति नांवाची सामुदायिक सिंचनाची जुनी रीत चालत आली आहे. बंधाऱ्यांतून पाट निघतो, पाटांतून चाऱ्या फुटतात, आणि पाण्याखालील जमीन फडांत विभागलेली असते. एका हंगामांत एका फडांत एकच पीक घ्यावयाचें, असा शिरस्ता असल्यामुळें प्रत्येक शेतकऱ्यास निराळें विचारावें लागत नाहीं. फडाचें ठरलें कीं त्यांतील प्रत्येक शेताचें ठरलें. शैलीपत्रकांतहि अक्षराचें वळण, त्याचा रंग व ओळींमधील अंतर एकदां सबंध पानास सांगितलें, कीं आंतील परिच्छेद, याद्या व मथळे यांस तें आपोआप लाभतें. चौकट व समास यांना मात्र असा वारसा नाहीं, आणि तेंहि सयुक्तिक आहे. तो असता, तर पानाभोंवतीं एक चौकट काढतांच आंतील प्रत्येक ओळीभोंवतीं चौकट उभी राहिली असती.

मराठी पानावर ह्या वारशाचा एक सापळा आहे, आणि तो प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. सबंध पानास ओळींमधील अंतर १७० टक्के असें सांगितलें, तर १६ पिक्सेल अक्षरावरून ब्राउझर आधीं २७.२ पिक्सेल हा आंकडा काढतो, आणि वारशानें तोच तयार आंकडा खालीं जातो. मग ३२ पिक्सेलांच्या दोन ओळींच्या मथळ्यासहि तेवढेंच अंतर मिळतें, आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत शिरतात. तेंच अंतर टक्क्यांऐवजीं नुसतें १.७ असें लिहिलें, तर तयार आंकडा न जातां पट वारशानें जाते, आणि मथळ्यास ५४.४ पिक्सेल मिळतात. इंग्रजी अक्षरांत ही चूक पुष्कळदां खपून जाते. देवनागरींत शिरोरेषेच्या वर व अक्षराच्या खालीं अशा दोन्ही अंगांनीं चिन्हें असल्यामुळें ती तत्काळ डोळ्यांत खुपते.

अंतरानंतर पेटीचें प्रकरण येतें. शैलीपत्रकाच्या दृष्टीनें पानांतील प्रत्येक वस्तु ही एक चौकोनी पेटी आहे. शेताची उपमा येथेंहि लागू पडते. मधोमध पीक, म्हणजे मजकूर. पीक व बांध यांमधील मोकळी पट्टी, म्हणजे पॅडिंग. बांध, म्हणजे बॉर्डर. आणि बांधाबाहेरची वाट, म्हणजे मार्जिन. आतां शेताची रुंदी सांगतांना ती पिकाची सांगावयाची कीं बांधासकट? मूळ नियमाप्रमाणें ती फक्त पिकाची धरतात. ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर एका पेटीस ३६० ही रुंदी दिली, दोन्ही बाजूंस १६-१६ चें पॅडिंग दिलें व एक-एक पिक्सेलचा बांध घातला, तर एकूण ३९४ होतात. म्हणजे ३४ पिक्सेल पडद्याबाहेर गेले, आणि वाचकास प्रत्येक ओळ बोटानें डावी-उजवीकडे सरकवून वाचावी लागते. यावर उपाय म्हणून रुंदी बांधासकट मोजावी असा नियम देतां येतो. तो दिला, कीं पेटी ३६० चीच राहते व मजकुरास ३२६ पिक्सेल मिळतात. अनुभवी लोक हा नियम पत्रकाच्या अगदीं आरंभींच लिहून टाकतात. आणखी एक गंमत अशी, कीं वर-खालीं असलेल्या दोन परिच्छेदांच्या वाटांची बेरीज होत नाहीं. एकाची २० व दुसऱ्याची ३० असली, तर मधलें अंतर ५० न होतां ३० होतें. दोन शेतांमध्यें दोन वाटा कशाला, एकच रुंद वाट पुरे, असाच हा विचार आहे.

पेट्या शेजारीं-शेजारीं मांडणें हें या विद्येंतील सर्वांत अवघड अंग होतें. प्रथम तक्त्यांचा दुरुपयोग झाला. पुढें, चित्राभोंवतीं मजकूर वाहावा यासाठीं असलेल्या फ्लोट या सोयीस स्तंभांच्या कामाला जुंपण्यांत आलें, आणि त्यांत कित्येकांचा बराच काळ खर्ची पडला. आज दोन चांगलीं साधनें हाताशीं आहेत. एका रांगेंत वस्तु मांडावयाच्या असल्या, आणि उरलेली जागा त्यांत वांटून द्यावयाची असली, तर फ्लेक्सबॉक्स वापरावा. आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनीं आखणी करावयाची असली, तर ग्रिड वापरावें. मार्च २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत तें एकापाठोपाठ येत गेलें. ग्रिड म्हणजे शिशानें आखलेलें पानच होय. आधीं रेघा मारावयाच्या, मग कोणती वस्तु कोणत्या घरांत बसेल तें सांगावयाचें. वाचनालयाच्या पानावर डावीकडे वेळापत्रक, मधोमध माहिती व उजवीकडे नवीं पुस्तकें अशी मांडणी चार-पांच ओळींत होते.

परंतु तीन स्तंभ मोबाइलवर मावत नाहींत. यासाठीं अटीचे नियम असतात. त्यांस मीडिया क्वेरी म्हणतात, आणि त्यांस जून २०१२ मध्यें शिफारशीचा दर्जा मिळाला. 'पडदा इतका रुंद असेल तरच तीन स्तंभ करावे', 'पान छापावयाचें असेल तर रंगीत पार्श्वभूमि काढून टाकावी', अशा अटी त्यांत घालतां येतात. ईथन मार्कट यांनीं २०१० मध्यें एका लेखांत या सर्वांस रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे परिस्थितीस साद देणारी, मांडणी असें नांव दिलें. येथें क्रम महत्त्वाचा आहे. आधीं लहान पडद्याचें साधें, एकस्तंभी पान रचावें, आणि जागा वाढेल तसतसे स्तंभ वाढवावे. उलट क्रमानें निघालेला मनुष्य मोठ्या पडद्यावर सुंदर पान रचतो आणि मग तें मोबाइलमध्यें कोंबीत बसतो. ज्या प्रदेशांत बहुसंख्य वाचकांचा पडदा त्यांच्या खिशांतच असतो, त्या प्रदेशांत हा क्रम चुकवून चालणार नाहीं.

इंग्रजी शिकवणीपुस्तकांतील कांहीं नियम मराठीस जसेच्या तसे लागू करूं नयेत. इंग्रजी मथळ्यास ऐट यावी म्हणून अक्षरांमध्यें अंतर वाढवितात. देवनागरींत तसें केल्यास शिरोरेषा तुटते, आणि शब्दाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. जोर देण्यासाठीं इंग्रजींत तिरपें अक्षर चालतें. मराठी फाँटांत तिरपें वळण बहुधा मुळीं घडविलेलेंच नसतें, त्यामुळें ब्राउझर सरळ अक्षरच बळेंच वाकवितो. त्यापेक्षां ठळक अक्षर बरें. शब्दाखालीं रेघ ओढली तर ती उकारांना छेदते. म्हणून ती थोडी खालीं सरकविण्याचा नियम द्यावा. याद्यांना १, २, ३ असे देवनागरी आंकडे हवे असल्यास ते हातानें लिहूं नयेत. यादीच्या खुणेस 'देवनागरी' एवढें सांगितलें कीं पुरे. पानाची भाषा मराठी आहे हें मूळ पानांत अवश्य नोंदवावें. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून निराळे आहेत. कांहीं फाँटांत दोन्ही वळणें असतात, आणि ती नोंद पाहूनच फाँट योग्य वळण पुढें करतो. बोलून दाखविणारें यंत्रहि त्याच नोंदीवरून उच्चार ठरवितें.

फाँटाच्या निवडींतहि विवेक हवा. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीं घडविलेला मंगल अनेक वर्षें विंडोज संगणकांवर मराठीचा नेहमींचा चेहरा होता. आज मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता किंवा गूगलचा नोटो असे विनामूल्य फाँट कोणालाहि घेतां येतात. परंतु जोडाक्षरांमुळें देवनागरी फाँटांची फाइल जड असते. ती वाचकाच्या मोबाइलवर उतरेपर्यंत मजकूर अदृश्य ठेवूं नये. तोंवर मोबाइलमधील साध्या फाँटांत तो दाखवावा, असा नियम शैलीपत्रकांत देतां येतो. रंगांविषयीं एक सर्वमान्य प्रमाण आहे : नेहमींच्या आकाराचें अक्षर व त्यामागील रंग यांच्या उजळपणांत निदान ४.५ स १ इतका भेद असावा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षर लिहिण्याची हौस यामुळें आपोआप वर्ज्य ठरते.

ही विद्या शिकण्याचा सोपा मार्ग असा आहे. आधीं शैलीपत्रकाशिवाय पान तयार करावें, आणि तें नुसतेंहि समजतें कीं नाहीं हें पाहावें. मग अक्षर व ओळींमधील अंतर, मग पेट्या व मोकळी जागा, मग रंग, आणि शेवटीं स्तंभ, या क्रमानें जावें. बहुतेक जण स्तंभ व रंग यांपासून आरंभ करतात, आणि मग वाचनीयता मागाहून चिकटवावी लागते. काय बिघडलें हें कळेना, तर संगणकावरील ब्राउझरांतच तपासणीचें साधन असतें. पानावर उजवें बटण दाबून तें उघडलें, कीं कोणता नियम चालला आणि कोणता खोडला गेला हें रेघ मारून दाखविलेलें असतें. त्यासाठीं निराळा खर्च नाहीं व मोठ्या शहरांत जाण्याचीहि गरज नाहीं. कॅनडांतील डेव्ह शे यांनीं २००३ मध्यें सीएसएस झेन गार्डन नांवाचा एक उपक्रम सुरू केला. त्यांत मजकूर व त्याच्या खुणा सर्वांना एकच दिलेल्या होत्या, त्यांतील एक अक्षरहि बदलण्याची मुभा नव्हती, आणि केवळ शैलीपत्रक बदलून लोकांनीं त्याच पानाचीं शेंकडों निराळीं रूपें करून दाखविलीं. धुळें किंवा जळगांव येथील एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गांत हाच खेळ सहज खेळतां येईल. एकच मराठी उतारा सर्वांना द्यावा, प्रत्येकानें आपलें शैलीपत्रक लिहावें, आणि तीं पानें घरांतील वडील माणसांच्या मोबाइलवर दाखवून कोणतें पान न थांबतां वाचून झालें हें विचारावें. परीक्षक याहून निराळा नको.

कारण या विद्येची खरी कसोटी तेथेंच आहे. जळगांव-धुळ्याच्या भागांत जुनी हस्तलिखितें, बाडें, नियतकालिकें व घरोघरचे कागद यांचा ठेवा अद्याप पुष्कळ आहे. धुळ्यासच १९२७ मध्यें स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाचा संग्रहहि त्याची साक्ष देतो. हा मजकूर आज ना उद्यां पडद्यावर येईल. तो आणणारे हात ज्या विद्यार्थ्यांचे असतील, त्यांनीं अर्थ एकीकडे व रूप दुसरीकडे ठेवण्याची शिस्त पाळली, तर पुढील पिढी त्याला हवा तो नवा वेष चढवील, आणि मूळ शब्दास धक्का लागणार नाहीं. ती शिस्त सुटली, तर जुन्या फाँटांतील त्या वेबपानांची जी गत झाली, तीच या ठेव्याचीहि होईल. पोथीच्या पानाभोंवतीं जागा सोडणाऱ्या लेखकास कागद झिजणार हें ठाऊक होतें, म्हणून त्यानें अक्षरें कडेपासून दूर ठेविलीं. पडदेहि बदलत जाणार. अक्षरें त्यांच्यापासून तितकींच सुरक्षित ठेवणें हें शैलीपत्रक लिहिणाराचें काम आहे.